पात्र आणि पात्रता : निपर्सच्या टेबलाच्या निमित्ताने

हर्मन मेलव्हिलच्या ‘बार्टलबी’ (१८५३) या दीर्घकथेवर जेवढे लिहिले गेले आहे त्यातील फारच थोडे निपर्सच्या वाट्याला आले आहे. वॉल स्ट्रीटवरील एका वकिलाच्या कचेरीत नकलनवीस म्हणून काम करणारा, जेमतेम पंचविशीचा हा तरुण कथेच्या आरंभी काही परिच्छेदांत रेखाटला जातो आणि बार्टलबीचे आगमन होताच मागे ढकलला जातो. समीक्षेनेही त्याला तेथेच राहू दिले. कामाला सौम्यपणे नकार देणारा, खिडकीबाहेरच्या भिंतीकडे पाहत उभा राहणारा बार्टलबी आधुनिक माणसाच्या एकाकीपणाचे प्रतीक ठरला. निपर्स विनोदाची सोय म्हणून उरला. हा क्रम कथेच्या रचनेला धरून आहे हे मान्य केले पाहिजे. परंतु ‘हे काम आपल्या योग्यतेपेक्षा खालच्या दर्जाचे आहे’ या भावनेचा आणि तिच्यापोटी घडणाऱ्या वर्तनाचा विचार साहित्यकृतीच्या आधारे करावयाचा असेल, तर बार्टलबीचा उपयोग थोडा आणि निपर्सचा पुष्कळ आहे.

बार्टलबी काम नाकारतो, पण ते आपल्याला शोभत नाही असे तो कोठेही सुचवीत नाही. वकील त्याला कापडाच्या दुकानातील कारकुनी सुचवितो, दारूच्या गुत्त्यावरची नोकरी सुचवितो, गावोगाव फिरून वसुलीचे काम सुचवितो, युरोपच्या प्रवासात एखाद्या तरुण गृहस्थाचा सोबती होण्याचे सुचवितो. बार्टलबी प्रत्येक गोष्ट नाकारतो आणि तरीही आपली काही खास आवड नाही असेच सांगत राहतो. त्याच्या नकारात उच्च-नीच अशी प्रतवारीच नाही. निपर्सची तक्रार मात्र पहिल्यापासून शेवटपर्यंत प्रतवारीची आहे.

निपर्सविषयी वकील सांगतो ते असे. महत्त्वाकांक्षा आणि अपचन अशा दोन दुष्ट शक्तींनी त्याला ग्रासले आहे. नुसत्या नकला करण्याचा त्याला उबग आहे. दस्तऐवजांचे मूळ मसुदे तयार करण्यासारख्या खास वकिली कामांत तो अधिकार नसताना हात घालतो. त्याच्याकडे मळकट कोटातील काही माणसे येतात. त्यांना तो आपले अशील म्हणवितो, आणि त्यांतला निदान एक तगाद्याला आलेला वसुलीवाला असावा असा वकिलाचा तर्क आहे. आणि मग येते ते टेबल. हे टेबल त्याला कधीच नीट जमत नाही. तो त्याच्याखाली लाकडाच्या कपच्या घालतो, निरनिराळे ठोकळे घालतो, पुठ्ठ्याचे तुकडे सरकवितो आणि सरतेशेवटी टीपकागदाच्या घड्या घालून अगदी सूक्ष्म जुळणी करू पाहतो. टेबल उंच केले की हातांतील रक्त थांबते, खाली केले की पाठ दुखते. खरी गोष्ट अशी की त्याला काय हवे होते हे त्यालाच ठाऊक नव्हते, आणि काही हवे असलेच तर नकलनविसाच्या टेबलापासून कायमची सुटका हवी होती, असा निर्वाळा देऊन वकील तो विषय संपवितो.

या वर्णनातील विनोद उघड आहे. पण टेबल हे केवळ विनोदाचे साधन नव्हे. निपर्स नोकरी सोडीत नाही, कामचुकारपणा करीत नाही. त्याचे अक्षर स्वच्छ आहे, हात वेगवान आहे आणि पोशाख नीटनेटका असल्यामुळे कचेरीची शोभा वाढते असे वकीलच सांगतो. मालकाशी उघड वाद घालणे त्याला परवडणारे नाही, सोडून जाणे बहुधा शक्य नाही. तेव्हा हुद्द्याविषयीचे असमाधान टेबलाच्या उंचीवर उतरते. स्वतःची उंची आणि कामाची उंची यांचा मेळ बसत नाही, ही गोष्ट तो शब्दशः मोजतो आहे आणि टीपकागदाच्या जाडीइतक्या फरकाने ती दुरुस्त होईल अशी आशा धरून आहे. बार्टलबीने नकार दिल्यावर वकील इतरांचे मत विचारतो तेव्हा, त्याला लाथ मारून हाकलावे, असे म्हणणारा निपर्सच असतो, हे येथे विसरता कामा नये. वेळ सकाळची होती आणि सकाळी निपर्सचे अपचन जोरात असे, असे कारण वकील देतो. दुसरेही कारण संभवते. जो वर चढण्याची वाट पाहत टेबल जुळवीत बसला आहे त्याला, चढणेच ज्याच्या हिशेबात नाही असा माणूस सहन होणे कठीण.

मात्र हे सारे सांगतो आहे कोण? निपर्सचा मालक. हा मालक आपण महत्त्वाकांक्षा नसलेले वकील आहोत, सोपा मार्ग तोच उत्तम मार्ग अशी आपली तरुणपणापासून श्रद्धा आहे, असे प्रारंभीच सांगतो. अशा माणसाच्या दृष्टीने महत्त्वाकांक्षा हा पोटाच्या विकाराच्या रांगेत बसणारा विकार ठरावा यात नवल नाही. निपर्सने केलेले मसुदे कसे होते? चांगले होते की वाईट? वकील याविषयी अक्षर काढीत नाही. ‘अधिकार नसताना’ एवढाच त्याचा शेरा आहे. म्हणजे निपर्सला आपली योग्यता अधिक वाटत होती हे कळते. ती अधिक होती की नाही, हे कळण्याचा मार्ग निवेदकाने बंद करून टाकला आहे. प्रस्तुत विवेचनाचा मुख्य मुद्दा येथेच आहे. पात्रतेचा दावा आणि त्या दाव्याची साक्ष या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि साहित्यकृतीत साक्ष कोण देतो हा निवेदनतंत्राचा प्रश्न आहे.

मराठी भाषेने या प्रश्नाची सोय आधीच करून ठेवली आहे असे म्हणावेसे वाटते. ‘पात्र’ म्हणजे भांडे, ‘पात्र’ म्हणजे लायक व्यक्ती, आणि ‘पात्र’ म्हणजे कथा-नाटकातील व्यक्तिरेखा. भांड्यात किती मावते हे भांडे सांगू शकत नाही. ओतणाऱ्याला ते कळते. सत्पात्री दान ही कल्पना देणाऱ्याच्या निर्णयावर उभी आहे. शासकीय जाहिरातींतील ‘अर्हता’ हा शब्द कागदावर दुसऱ्याने उमटविलेल्या शिक्क्याचा आहे. ‘लायकी’ तर बहुधा काढलीच जाते, आणि तीही दुसऱ्याची. स्वतःच स्वतःविषयी ‘माझी पात्रता या कामापेक्षा अधिक आहे’ असे म्हणण्यासाठी या भाषेत सहज वापरातला एक शब्द नाही. अतिपात्रता, अधिकपात्रता असे शब्द बनवावे लागतात आणि ते परके वाटतात. येथे ‘पात्रताधिक्य’ हा शब्द वापरला आहे तोही याच अडचणीतून.

समाजशास्त्रांना हा विषय शब्द घडविण्याइतका महत्त्वाचा वाटला तो विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. आयव्हर बर्ग यांनी १९७० मध्ये, अधिक शिकलेला मनुष्य अधिक चांगले काम करतो या सर्वमान्य गृहीतकालाच आव्हान दिले. रिचर्ड फ्रीमन यांचे ‘दि ओव्हरएज्युकेटेड अमेरिकन’ १९७६ मध्ये आले. पुढे व्यवस्थापनाच्या मानसशास्त्राने यातून एक उपयुक्त भेद काढला : कामाला लागते त्यापेक्षा अधिक शिक्षण प्रत्यक्षात असणे ही एक गोष्ट, आणि तसे वाटणे ही दुसरी. दोन्हींचा मेळ नेहमी बसत नाही. असमाधान, अलिप्तता, नोकरी सोडण्याचा विचार यांचा निकटचा संबंध दिसून आला तो या ‘वाटण्या’शी. बेरिन एर्दोगान आणि तालिया बाउअर यांनी तुर्कस्तानातील किरकोळ विक्रीच्या दुकानांतील कर्मचाऱ्यांचा अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध केला. आपण या कामापेक्षा अधिक पात्र आहोत असे मानणाऱ्यांचे काम तेथे उणे नव्हते, उलट सरस होते; आणि ज्यांना कामात स्वतः निर्णय घेण्याची मोकळीक होती त्यांच्या बाबतीत या भावनेचे अनिष्ट परिणाम सौम्य झाले होते. निपर्सला अधूनमधून एखादा मसुदा करू दिला असता तर टेबल स्थिर झाले असते काय, असा प्रश्न या निष्कर्षामुळे सुचतो. वकिलाला तो सुचला नाही.

परंतु या साऱ्या अभ्यासांचे साधन प्रश्नावली हे आहे. ‘मला वाटते’ असे कर्मचारी लिहितो आणि ते ग्राह्य धरले जाते, कारण ‘वाटणे’ हाच अभ्यासविषय असतो. ते वाटणे खरे किती, फसवे किती, कोणाकडून उसने घेतलेले किती, हे प्रश्नावली सांगत नाही. कथात्म साहित्याचे काम येथून सुरू होते.

मराठी समीक्षेने हे काम फारसे केलेले नाही. ‘कोसला’ (१९६३) नंतरच्या काळात अस्तित्ववादी परिभाषा आणि तिच्या मागोमाग मार्क्सच्या विचारातून आलेली ‘परात्मता’ ही संज्ञा एवढी सर्वव्यापी झाली, की कचेरीत, महाविद्यालयात किंवा कारखान्यात अस्वस्थ असलेला कोणताही नायक तिच्या पोटात घालता येऊ लागला. वास्तविक परात्मता आणि पात्रताधिक्याची भावना यांत मूलभूत अंतर आहे. परात्म झालेल्या श्रमिकाचे स्वतःच्या श्रमाशी असलेले नातेच तुटलेले असते. त्याला दुसऱ्या टेबलावर बसविल्याने ते जुळत नाही. पात्रताधिक्याची भावना बाळगणारा मनुष्य मात्र दुसऱ्या टेबलाकडे डोळे लावूनच बसलेला असतो. उतरंडीवर त्याचा गाढ विश्वास असतो. त्याला जिना मान्य आहे. आपली पायरी मान्य नाही. म्हणून त्याच्या असमाधानात बंडखोरी शोधणारी समीक्षा बहुधा फसते. अमेरिकन सैनिकांवरील १९४९ च्या प्रसिद्ध अभ्यासात बढतीची संधी अधिक असलेल्या हवाई दलातील सैनिक, बढती दुर्मिळ असलेल्या लष्करी पोलिसांपेक्षा बढतीच्या बाबतीत अधिक असमाधानी आढळले होते. तुलना जेथे जवळची तेथे सल तीव्र, हे त्यामागचे तत्त्व. या भावनेला शून्यता, निरर्थकता अशी भव्य नावे दिली की तिच्यातील नेमकी मोजणी हरवते.

ही मोजणी युरोपीय साहित्यात ठळकपणे अवतरते ती जेवणाच्या टेबलावर. रूसोच्या ‘कन्फेशन्स’च्या तिसऱ्या भागात तुरीन येथील एका उमरावाच्या घरचा प्रसंग आहे. तरुण रूसो तेथे नोकर म्हणून वाढण्यासाठी उभा आहे. घराण्याच्या ब्रीदवाक्यातील एका जुन्या फ्रेंच शब्दाच्या वर्णलेखनावर पाहुण्यांत चर्चा निघते. वृद्ध सरदाराचे लक्ष नोकराच्या चेहऱ्यावरील हास्याकडे जाते आणि तो त्याला बोलण्याची आज्ञा करतो. नोकर त्या शब्दाची व्युत्पत्ती सांगतो. सारे थक्क होतात. गोष्टींचा नैसर्गिक क्रम पूर्ववत करणारा असा क्षण क्वचितच येतो, अशी भावना रूसोने या प्रसंगाविषयी नोंदवली आहे. लगेच सरदाराची नात त्याच्याकडे पाणी मागते, आणि थरथरत्या हाताने तो ते सांडून ठेवतो. पात्रता सिद्ध झाल्याच्या पुढच्याच क्षणी, ज्या कामासाठी तो नेमलेला आहे तेच त्याच्याकडून बिघडते. अर्थात ही साक्ष रूसोची स्वतःचीच आहे, हेही येथे नोंदविले पाहिजे.

स्तांदालच्या ‘तांबडे आणि काळे’ (१८३०) या कादंबरीचा नायक ज्युलियाँ सोरेल हा ‘कन्फेशन्स’ वाचूनच नोकरीवर जातो. लाकूड कापण्याच्या गिरणीच्या मालकाचा हा मुलगा. लॅटिन ‘नवा करार’ त्याला मुखोद्गत आहे. नगराध्यक्ष द रेनाल याच्या मुलांचा शिक्षक म्हणून वर्षाला ४०० फ्रँकवर त्याचा सौदा ठरतो. ही बातमी ऐकल्यावर त्याला सलणारा खरा प्रश्न पगाराचा नसतो, कामाचा नसतो. आपण जेवावयाचे कोणाबरोबर, हा असतो. नोकरांबरोबर जेवण्याची ही धास्ती त्याच्या स्वभावातली नव्हती, ती रूसोच्या पुस्तकातून आली होती, असे निवेदक मध्येच सांगून टाकतो. येथे स्तांदालने केलेली गोष्ट असाधारण आहे. आपण या कामाच्या वर आहोत ही भावना आतून उमललेली नसून वाचनातून उचललेली आहे, असे तो म्हणतो. आणि तरीही नायकाची बुद्धी खरोखरच त्या घरातील सर्वांपेक्षा वरचढ आहे हेही तो नाकारीत नाही. भावना उसनी आणि योग्यता अस्सल, असा हा पेच आहे.

नेमणूक करणाऱ्याची बाजूही तो सोडीत नाही. द रेनालला मुलांच्या लॅटिनची फारशी फिकीर नाही. प्रतिस्पर्धी व्हालेनो याने गाडीसाठी दोन नवे नॉर्मन घोडे घेतले आहेत. त्याच्याकडे मुलांसाठी शिक्षक नाही, एवढे पुरेसे आहे. कामाला लागते त्याहून अधिक पात्रतेचा मनुष्य नेमणे हा मालकाच्या दृष्टीने मिरविण्याचा भाग असतो, हे आजच्या नोकरभरतीच्या अभ्यासकांनाही अपरिचित नसावे. पुढे ज्युलियाँ अपमानाने पेटून मालकाला तोडून बोलतो, तेव्हा त्याला व्हालेनोकडून बोलावणे आले असावे असा द रेनालचा समज होतो आणि तो तत्काळ महिना ५० फ्रँक देऊ करतो. ज्युलियाँला हसू येते. त्याचा राग मावळतो. या माणसाचा आपण पुरेसा तिरस्कार केला नव्हता, असे त्याला वाटते. तिरस्काराचे भाषांतर मालकाने बाजारभावात केले आणि ते भाषांतर नोकराच्या फायद्याचे निघाले. या प्रसंगाइतके नेमके वर्तनशास्त्र एखाद्या प्रश्नावलीतून हाती येईल असे वाटत नाही.

निवेदक सर्वज्ञ असल्यामुळे ज्युलियाँच्या पात्रतेची साक्ष दोन्ही बाजूंनी मिळते. पॅरिसला मार्की द ला मोलचा चिटणीस झाल्यावर तो एका साध्या फ्रेंच शब्दात एक व्यंजन जादा घालतो आणि मार्कीच्या ते लक्षात येते. लॅटिनचा पंडित मातृभाषेच्या शुद्धलेखनात चुकतो. पुढे हाच मार्की त्याला निळा कोट देतो : निळा कोट घालून आला की बरोबरीचा पाहुणा, काळा घालून आला की चिटणीस. पात्रता अंगात असते की अंगावर, हा प्रश्न स्तांदाल दोन कोटांवर सोडून देतो.

डोस्टोव्हस्कीच्या ‘नोट्स फ्रॉम अंडरग्राउंड’ (१८६४) या इंग्रजी नावाने परिचित असलेल्या कृतीत मात्र सर्वज्ञ निवेदकही नाही आणि मालकही नाही. दावा करणारा आणि साक्ष देणारा एकच. हा माजी सरकारी नोकर, दूरच्या नातेवाइकाकडून ६,००० रूबल मिळताच नोकरी सोडून कोपऱ्यात बसला आहे. आपण बुद्धिमान होतो, कचेरीतील सर्वांपेक्षा सुसंस्कृत होतो, असे तो वारंवार सांगतो. लाच घेत नव्हतो, म्हणून लोकांवर खेकसणे हा मोबदला आपण आपल्यालाच देत होतो, हेही सांगतो. मग थोड्याच ओळींनंतर, दुष्टपणाचे हे म्हणणे खोटे होते, तेही दुष्टपणानेच सांगितले, अशी कबुली देतो. चेहरा कुरूप असेना का, तो उदात्त आणि विशेषतः अतिशय बुद्धिमान दिसावा म्हणून तो कचेरीत धडपडतो; आणि त्याच सहकाऱ्यांसमोर त्याची नजर खाली जाते. शाळासोबत्यांच्या मेजवानीत त्याला पगाराचा आकडा विचारला जातो तेव्हा तो सांगतो आणि लाजेने लाल होतो. पात्रतेचा एवढा मोठा दावा त्या एका आकड्यापुढे गप्प होतो. वाचकाने त्याच्या बुद्धीवर विश्वास ठेवावा तर पुरावा फक्त त्याच्या बोलण्याचा. ठेवू नये तर ते बोलणे विलक्षण बुद्धिमान. या कोंडीतून कृती वाचकाला बाहेर काढीत नाही.

या कृतीतील अपोलोन या चाकराकडे सहसा दुर्लक्ष होते. महिना सात रूबलवर काम करणारा, डोक्याला तेल लावणारा, मधूनमधून शिंपीकाम करणारा, फावल्या वेळी भिंतीपलीकडे संथ सुरात स्तोत्रे वाचणारा हा मनुष्य मालकाला मनातून तुच्छ लेखतो. आपण या घराच्या वर आहोत याविषयी त्याला तिळमात्र शंका नाही. मालक त्याचा पगार मुद्दाम अडवून ठेवतो. त्याने येऊन मागावा अशी त्याची इच्छा आहे. अपोलोन मागत नाही. तो खोलीत येतो, उभा राहतो, टक लावून पाहतो, उसासा टाकून निघून जातो, पुन्हा येतो. शेवटी पैसे द्यावे लागतात. कचेरीत वरच्यांविषयी जो तिरस्कार मालक मनात जिरवीत होता तोच येथे खालून त्याच्याकडे येतो, आणि अधिक समर्थपणे येतो. कारण अपोलोनला आपली पात्रता कोणाला पटवून द्यायची नाही. मालकाचे सारे निवेदन म्हणजे ती पटवून देण्याची अखंड खटपट आहे.

या तीन साक्षींच्या पार्श्वभूमीवर मराठीतील सुशिक्षित नायकाकडे पाहिले तर एक गोष्ट खटकते. तेथे बहुधा पदवी हीच साक्ष मानली जाते. नायक एम.ए. आहे, बी.एड. आहे, पीएच.डी. आहे असे एकदा सांगितले की तो हाती आलेल्या कामाच्या वर आहे हे सिद्ध झाले असे लेखक धरून चालतो, आणि ‘सुशिक्षित तरुणांची व्यथा’ असे म्हणून समीक्षकही ते मान्य करतो. सामाजिक वस्तुस्थिती या गृहीतकाला बळ देते हे खरेच. २०१५ मध्ये उत्तर प्रदेशात शिपायांच्या ३६८ जागांसाठी सुमारे २३ लाख अर्ज आले आणि अर्जदारांत २५५ पीएच.डी.धारक असल्याच्या बातम्या छापून आल्या. महाराष्ट्रात तासिका तत्त्वावर वर्षानुवर्षे शिकविणाऱ्या नेट-सेट उत्तीर्ण अध्यापकांचा प्रश्न याला लागून असला तरी वेगळा आहे. तेथे काम पात्रतेला साजेसे असते, मोबदला आणि स्थैर्य तसे नसते. हा भेद पुसून दोहोंना एकच ‘व्यथा’ म्हणणे सोयीचे असले तरी त्यात अन्याय आहे. सदानंद देशमुख यांच्या ‘बारोमास’ (२००२) मधील एकनाथ उच्चशिक्षित असून शेतीत अडकलेला आहे. पण शेती म्हणजे नकलनविसाचे टेबल नव्हे. ते काम त्याच्या ‘खाली’ आहे असे समीक्षक म्हणतो तेव्हा तो कादंबरीचे म्हणणे सांगत असतो की शहरी नोकरदाराच्या उतरंडीचे, हे तपासणे आवश्यक आहे.

पदवी हा समाजाने दिलेला दाखला आहे. पिएर बोर्द्यू यांनी १९७९ मध्ये दाखवून दिले की पदव्यांचे मोल घसरते तेव्हा त्या धारण करणाऱ्यांच्या अपेक्षा मात्र जुन्याच मोलाला चिकटून राहतात. तेव्हा पदवीवर विसंबून पात्राची पात्रता ठरविणारी कादंबरी त्या जुन्या मोलाचेच नाणे वापरीत असते. ते नाणे खणखणते की नाही हे पाहण्यासाठी नायकाला प्रत्यक्ष काम करताना दाखवावे लागते : त्याने केलेला मसुदा, शिकविलेला तास, चुकलेला शब्द, सांडलेले पाणी. सुशिक्षित नायकाच्या दुःखाची वर्णने मराठीत विपुल आहेत; त्याच्या कामाची वर्णने त्या मानाने फारच थोडी.

मेलव्हिलच्या कथेत वकील अखेर बार्टलबीला चुकविण्यासाठी कचेरीच दुसरीकडे हलवितो. गाड्या येतात, सामान उचलले जाते, सर्वांत शेवटी पडदा काढला जातो आणि रिकाम्या खोलीत बार्टलबी तेवढा उभा राहतो. इतर सामानाबरोबर निपर्सचे टेबलही त्या गाडीतून गेले असणार. नव्या जागेच्या जमिनीवर ते कसे बसले, टीपकागदाच्या घड्या किती लागल्या, हे वकिलाने सांगितलेले नाही.